दोघांचं टेबल

"त्या बाईंना विचारून बघते," मी म्हटलं.

"कोणत्या?"

"त्या काय, कुत्र्याला घेऊन बसल्यात."

"वैजू, तो कुत्रा आपल्यापेक्षा चांगल्या घरचा दिसतोय. त्याच्या मालकीणबाई कशाला येतील तुझ्या पंगतीला?"

पॅरिसमध्ये नदीकाठच्या एका बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. ह्यांच्या मांडीवर कागदी पिशवी होती. तीत हातभर लांब पाव, दोन जातींचं चीज, द्राक्षं आणि एका नावाजलेल्या बेकरीतून रांगेत उभं राहून आणलेली लिंबाची गोड वडी. पावाचा वास असा सुटला होता की ह्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं होतं.

मी उठून गेले. माझं इंग्रजी शाळेपुरतं. आवाज तर असा की घरात मी आणि भांडं एकदम पडलो तर लोक भांड्याकडे धावतील. मी हात जोडले, आमच्या बाकाकडे बोट केलं, जेवायची खूण केली. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि कुत्र्याला जवळ ओढलं.

परत आले तर हे बाकावरून उठून चार झाडं पलीकडे जाऊन उभे होते. नदी बघत होते. माझी नि त्यांची जशी ओळखच नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"आणि कुत्रा?"

"तोही नाही म्हणाला."

हे मोठ्यानं हसले, पण पिशवी काही उघडली नाही. उघडून उपयोग नव्हता हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

ह्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. आमच्या घरात दुपारच्या जेवणाला एक पान परक्याचं असतं. परक्याला वाढल्याशिवाय घरच्या बाईनं तोंडात घास घालायचा नाही. कुणी मिळालंच नाही तर त्या दुपारी उपास. हे व्रत माझ्या सासूबाईंचं. माझी हळद पुरती उतरली नव्हती तेव्हा त्यांनी देवासमोर माझ्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाल्या, "वैजयंती, आता हे तुझं." मी ते पाणी सोडलं आणि व्रत घेतलं. मिरजेत पाहुणा शोधायला लांब जावंही लागत नाही. गावभर दवाखाने. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, आणि पेशंटबरोबर कावरीबावरी झालेली माणसं. सकाळचा जप, पूजा, स्वयंपाक आटोपला की मी दवाखान्याच्या दारात जायची आणि ज्याला कुणी विचारणारं नाही असा एकजण घेऊन यायची. आमची मुलगी ऋजुता झाली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला आधी अर्धा शिरा दिला, मग मी खाल्ला. सासूबाई गेल्या त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलंभात आणला. जो मुलगा डबा घेऊन आला त्यालाच आधी बसवला. मी हे कुणाला बोलून दाखवत नसे. पण मनात होतं, की आजवर मोडलेलं नाही.

युरोपची हौस ह्यांची. वीजमंडळातून निवृत्त झाल्यावर लोक शेअर बाजार बघतात, हे बेकऱ्या बघायचे. कुठल्या शहरात कुठला पाव, कुठल्या गल्लीत कुठलं लोणी, सगळं तोंडपाठ. बंगळूरला असणाऱ्या आमच्या ऋजुतानं तिकिटं, हॉटेलं सगळं करून दिलं होतं. निघताना तिनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आई, तिकडे पाहुणे कुठून आणणार तू?"

मी म्हटलं, "माणसं असतील ना तिथे?"

माणसं खूप होती. पंगतीला बसणारं मात्र कुणी नव्हतं.

शेवटी पाहुणा आपल्या पायांनी चालत आला. आफ्रिकेतला, सेनेगल देशाचा उंचच उंच तरुण. खांद्यावर चादरीचं गाठोडं, त्यात पितळेचे इवलेसे आयफेल टॉवर. माझी साडी बघून लांबूनच ओरडला, "नमस्ते आंटी! सस्ता, सस्ता!"

"घे," हे म्हणाले, "मराठी नाही, पण हिंदी बोलणारा मिळाला."

मी त्याला बाकावरची जागा दाखवली आणि पाव मोडून पुढे केला. तो पावाकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग रस्त्यावरच्या पोलिसाकडे.

"हाउ मच?" त्यानं सावधपणे विचारलं.

"अगं, त्याला वाटतंय आपणच धंद्याला बसलोय!" ह्यांना हसू आवरेना. "नो मच, नो मच. सिट. ईट."

त्याचं नाव मामादू. बसला, जेवला, आईचा फोटो दाखवला. लिंबाची वडी खाताना डोळे मिटले. जाताना माझ्या पायाशी वाकल्यासारखं केलं आणि पोलीस वळला तसा गाठोड्यासकट दिसेनासा झाला. मी देवाचं नाव घेऊन पहिला घास घेतला. पोट भरलं म्हणजे काय हे मला नेहमी त्या पहिल्या घासालाच कळतं.

हे कागदाची घडी करत होते. घडीवर घडी, घडीवर घडी.

"वैजू, एक मागू?"

"मागा की."

"मांतोवाला पाहुणा नको. तू आणि मी. एकच जेवण."

मांतोवा म्हणजे इटलीतलं छोटं गाव. आमचा तिथला मुक्काम केवळ एका जेवणासाठी होता. तिथे ओर्नेला नावाच्या बाईंची खानावळ आहे. लाल भोपळ्याचं सारण भरलेल्या, उकडलेल्या चौकोनी करंज्या हा तिथला पदार्थ. तोर्तेल्ली म्हणतात. बाई त्या रोज सकाळी स्वतः हातानं भरतात, जितकी नावं नोंदलेली तितक्याच. ऋजुतानं कितीतरी महिने आधी फोन करून खिडकीजवळचं टेबल मिळवलं होतं. दोघांचं.

"तिसरी खुर्चीच नाहीये त्या टेबलाला," हे म्हणाले. "ऋजुताला मी मुद्दाम तसंच सांगितलं."

"बघू," मी म्हटलं.

"तुझं 'बघू' म्हणजे 'नाही'. लग्नापासून ऐकतोय."

मी द्राक्षांचे देठ गोळा करायला लागले. उपास करून समोर बसले असते तर व्रत राहिलं असतं, पण ह्यांना तसली सोबत नको होती. ह्यांना मी जेवायला हवी होते. पाहुण्याशिवाय जेवले तर सासूबाईंनी ओंजळीत घातलेलं पाणी वाया. दोन्ही राखता येईल अशी वाट मला दिसत नव्हती.

व्हिएन्नात तर पाहुणा मिळालाच नाही. एका जुन्या कॉफीगृहात गेलो होतो. उंच छत, संगमरवरी टेबलं आणि लाकडी काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं. ह्यांनी सफरचंद भरलेली गुंडाळी मागवली होती. वर पिठीसाखर, बाजूला सायीचा ढीग. शेजारच्या टेबलावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. मला वाटलं, हे येतील. मी जाऊन हात जोडले, अडखळत सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, उभे राहिले, किंचित वाकले आणि इतक्या सावकाश बोलले की मला शब्द न् शब्द कळला. "बाईसाहेब, मी नोकरीतून मोकळा झाल्यापासून रोज इथे एकटा जेवतो. दिवसातला तेवढाच वेळ मला आवडतो."

मी परत येऊन बसले.

"शहाणा माणूस," हे म्हणाले. "हात मिळवून येऊ का?"

"तुम्ही खा. गार होईल."

"आणि तू?"

"मला नको."

"अगं, कॅफेभर परकेच बसलेत की! आणखी किती परके हवेत?"

"ते आपल्या पानावर नाहीत."

"हा वाढणारा? हा तर परका आहे ना?"

"तो आपल्याला वाढतो. आपण त्याला नाही."

ह्यांनी चमचा खाली ठेवला. मोठ्यानं नाही ठेवला, पण मला ऐकू आला.

"हे व्रत नव्हे, वैजू. ताठा आहे तुझा. 'माझं कधी मोडलं नाही' हा ताठा."

ते शब्द नेमके जिथे लागायचे तिथे लागले. अर्धी गुंडाळी तशीच टाकून आम्ही बाहेर पडलो. ताटात टाकून उठण्याची ह्यांची ती पहिली वेळ असावी.

बराच वेळ चालत राहिलो आणि एका बागेत जाऊन बसलो. गुलाबांचे ताटवे होते, प्रत्येक झाडाला नावाची पाटी. हे ती नावं वाचत होते. मग वाचता वाचताच, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"मी लहान असताना टायफॉइडनं पडलो होतो. महिनाभर नुसती पेज. बरा झालो, तेव्हा आईनं गुरगुट्या भात केला, तूप, लिंबाचं लोणचं. मला म्हणाली, 'आज मी भरवते तुला, दिगू.' मला मांडीशी घेऊन बसली. घास तोंडाशी आणला आणि दारात कुणीतरी हाक मारली."

"कोण होतं?"

"कोण जाणे. बाजाराला आलेला कुणी. मिशा तेवढ्या आठवतात. आईनं घास माझ्या हातात दिला आणि उठली. त्याचं पान मांडलं, त्याला वाढलं, आग्रह केला. मी माझ्या हातानं जेवलो."

हे पुढच्या झाडाच्या पाटीकडे वळले.

"आई वाईट होती असं नाही म्हणत मी. अख्खं गाव नाव काढतं तिचं. पण आई गेली तेव्हा पहिलं काय मनात आलं सांगू? की तिच्याबरोबर मी एकटा असा कधी जेवलोच नाही. आणि मग तू. तू तर पाहुणा आणि मी उठलो की मग जेवायला बसतेस. आता म्हातारपण आलं की गं आपलं."

एक माळी पाण्याची नळी ओढत आमच्यासमोरून गेला. तो जाईपर्यंत मी थांबले.

"मांतोवाला मी जेवेन," मी म्हटलं. "तुमच्याबरोबरच बसेन. दोघंच."

ह्यांनी मान वळवली. "आणि व्रत?"

"त्याचं माझं मी बघेन."

"शपथ?"

"मी शपथ घेत नाही. सांगितलं ना."

हॉटेलकडे परत जाताना हे प्रत्येक मिठाईच्या दुकानाशी थांबून काचेतलं एकेक मला समजावून सांगत होते. नवी नोकरी लागलेल्या पोरासारखं.

मांतोवाला तीन बाजूंनी पाणी आहे. तळ्याच्या काठानं सायकलींचा रस्ता, आणि मधे विटांचं जुनं गाव. त्या सकाळी मी अंघोळ करून हॉटेलच्या खोलीत माझा बाळकृष्ण टेबलावर मांडला. उदबत्ती लावायची नाही, धुराची घंटा वाजते, म्हणून नुसते हात जोडले. सासूबाईंना म्हटलं, माई, तुम्ही दिलेलं आज मोडतेय. तुमच्या दिगूसाठीच मोडतेय. राग माझ्यावर धरा, त्याच्यावर नको.

मग जांभळं इरकल नेसले. हे ऋजुताच्या लग्नातला कोट घालून तयार होते. आरशासमोर टायशी झगडत होते.

"पाहुणा वाटतोय का मी?" हे म्हणाले.

"नवरदेव वाटताय. जरा वयस्कर."

ओर्नेलाबाई दारातच भेटल्या. आडव्या अंगाच्या, कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या. ह्यांचा हात हातात घेऊन त्यांनी जोरजोरात हलवला आणि कोटाच्या बाहीवर पिठाचा पंजा उमटला. खोली लहानशी. पाच-सहा टेबलं, सगळी भरलेली. खिडकीजवळ आमचं. पांढरीशुभ्र चादर, दोन खुर्च्या समोरासमोर. मी दाराकडे पाठ करून बसले, हे माझ्यासमोर.

थोड्या वेळानं बाईंनी स्वतः दोन बशा आणल्या. पिवळ्याधमक करंज्या, वर तापलेलं लोणी, त्यात कुरकुरीत झालेली कसलीशी पानं. भोपळ्याचा गोडसर वास आणि चीजचा खारट वास एकात एक मिसळलेला. ह्यांनी बशीवर वाकून श्वास घेतला आणि डोळे मिटूनच म्हणाले, "वैजू. सार्थक झालं."

"अजून खाल्लं कुठे?"

"आधी तू. तू खाताना मला बघायचंय."

मी काटा उचलला. एक करंजी टोचली, लोण्यातून फिरवली. मला इथे खरं तेच लिहायचं आहे. डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. मी ठरवलं होतं आणि मी खाणार होते. काटा ओठांशी आला.

पाठीमागे दार उघडलं. एका बाईचा आवाज आला, दमलेला पण हसरा. ती इंग्रजीत काही विचारत होती. ओर्नेलाबाई मोडक्या इंग्रजीत नाही म्हणत होत्या. आज भरलंय, उद्या बंद, पुढचा आठवडाभर भरलंय, एकही बशी जास्तीची नाही. ती बाई म्हणाली की सकाळपासून सायकल हाणत आलेय, ह्याचसाठी. ओर्नेलाबाईंनी पुन्हा नाही म्हटलं, जरा हळू. मग ती बाई म्हणाली, "बरं, निदान वास तरी घेऊन जाते."

मला दिसत होता तो फक्त ह्यांचा चेहरा. तो माझ्याकडे बघत होता, आणि मग बघत नव्हता.

"थांब," हे म्हणाले.

"काय झालं?"

"बाई दारात आहे."

"असू दे. आज दोघंच ठरलंय आपलं."

"ठरलंय."

"मग तिकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

"तुझ्याकडेच बघतोय गं. तुझ्या खांद्यावरून दिसतेच ती." ह्यांनी आवाज खाली आणला. "पायरीवर बसली. पिशवीतून केळं काढलंय."

"मी म्हणत नाहीये हं, बोलवा म्हणून. मी शब्द दिलाय."

"तू कुठे म्हणतेस? तू खा."

मी काटा परत तोंडाकडे नेला.

"थांब," हे पुन्हा म्हणाले. मग स्वतःवरच चिडल्यासारखे काटा खाली ठेवून बसले. "मला घास जायचा नाही, वैजू. तुझं कसलं व्रत घेऊन बसलीयेस. हे मला लहानपणीच चिकटलंय."

आणि हे उठले. पॅरिसमध्ये चार झाडं पलीकडे जाऊन नदी बघणारा हा माणूस, त्या भरल्या खोलीतून सरळ चालत दारापाशी गेला. मी वळून बघितलं. पायरीवर आमच्याच वयाची एक उंच, हाडापेरानं दणकट बाई बसली होती. चेहरा उन्हानं लालबुंद, सायकलची टोपी मांडीवर, केसांच्या बटा कपाळाला चिकटलेल्या. ह्यांनी तिच्यापुढे हात जोडले. आयुष्यभर मी जोडत आले तसेच.

"मॅडम," ह्यांचं इंग्रजी वीजमंडळातलं, ठोक आणि खणखणीत. "आत या. आमच्या घरात पाहुण्याशिवाय जेवत नाहीत."

'आमच्या घरात' म्हणाले. 'माझी बायको' नाही म्हणाले, 'माझी आई' नाही म्हणाले.

बाई गोंधळली. ओर्नेलाबाई कमरेवर हात ठेवून मधे आल्या. खुर्ची नाही! बशी नाही! सांगितलं ना, सकाळी मोजून भरल्यात!

"खुर्ची माझी," हे म्हणाले. "बशी माझी. ही माझी पाहुणी."

ओर्नेलाबाई त्यांच्या भाषेत बरंच काही बोलल्या. इतर टेबलांवरची माणसं हसली, एकानं टाळी वाजवली. मग बाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि एक पीठ सांडलेलं बुटकं स्टूल आणून टेबलाशी आदळलं, पाहुणीसाठी एक काटाही ठेवला. हे कोट सावरून त्यावर बसले. टेबलाची कड ह्यांच्या छातीला लागत होती.

पाहुणीचं नाव इंगर. डेन्मार्कची, शाळेत भूगोल शिकवायची. ह्यांच्या खुर्चीवर अवघडून बसली होती.

"पण हे तर तुमचं जेवण," ती म्हणाली.

"होतं," हे म्हणाले. "आता खा, नाहीतर माझी बायको उपाशी राहील."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं एक करंजी तोंडात घातली, आणि जो चेहरा झाला तिचा! भुवया वर गेल्या, खांदे खाली आले. ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि मग तिनं आमच्याकडे बघायचंच सोडून दिलं.

हे स्टुलावर बसून ती बशी रिकामी होताना बघत होते. गळ्याची घाटी हलत होती.

मी माझी बशी उचलली आणि टेबलाच्या मध्यावर, ह्यांच्या बाजूला सरकवून ठेवली.

"हे काय?"

"घ्या. तुमचा काटा घ्या तिकडचा."

"अगं, उष्टं होईल तुझं."

"होऊ दे."

आमच्या घरात एका ताटात दोघांनी जेवायची रीत कधीच नव्हती. मी वाढणारी. पाहुणा आणि हे उठले, जमीन पुसली, की मग माझं पान. लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून एकमेकांना घास भरवले होते, तेही मान खाली घालून. त्यानंतर एका ताटात आमचे हात कधी आले नव्हते.

ह्यांनी काटा घेतला. पहिल्यांदा दोघांचे काटे एकाच करंजीवर पडले.

"तुझी ती," हे म्हणाले.

"तुमचीच घ्या."

"नको, ही कड तुझी. मधली रेघ धर. ते पान आहे ना लोण्यातलं, तिथपर्यंत तुझं राज्य."

"आणि लोणी?"

"लोणी दोघांचं."

मी पहिला घास घेतला. भोपळा, पण आपला नव्हे. गोड, आणि गोडाच्या आत काहीतरी कडसर, बदामासारखं. मी सांगितलं तसं. ह्यांनी खाल्लं, थांबले, पुन्हा खाल्लं.

"बदाम नाही. बिस्किटाचा चुरा असणार. वाचलं होतं मी."

"मिठाचं प्रमाण बघा. मी केलं असतं तर अजून कमी."

"तू केलं असतंस तर पाहुण्याला गेलं असतं."

"आत्ता कुठे गेलं?"

हे हसले. स्टूल बुटकं असल्यामुळे ह्यांचं डोकं माझ्या खांद्याशी आलं होतं, आणि बोलायला वाकावं लागत नव्हतं. आम्ही हळू आवाजात मराठीत बोलत होतो. पलीकडे इंगर पावाच्या तुकड्यानं बशी पुसून घेण्यात गुंग होती. ह्यांनी मला लोण्यातलं एक कुरकुरीत पान वेगळं काढून दिलं. मी ह्यांच्या टायला लागलेलं पीठ झटकलं. ऋजुता लहान असताना काय खायची नाही, सांगलीच्या कुठल्या हॉटेलात ह्यांनी मला पहिल्यांदा आईस्क्रीम खायला नेलं होतं, आणि मी लाजून अर्धं टाकलं होतं, असं काहीबाही निघत गेलं. बशीत आम्ही मुद्दाम सावकाश जात होतो.

ओर्नेलाबाई एक रिकामी बशी घेऊन आल्या. ह्यांच्यापुढे ठेवायला लागल्या, म्हणजे वाटून घेता येईल. मी हात आडवा धरला.

"नको," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, आणि बहुधा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण हे माझ्याकडे चमकून बघायला लागले. ओर्नेलाबाई आम्हा दोघांकडे बघत राहिल्या, मग बशी काखेत मारून निघून गेल्या.

इंगरनं मान वर केली. तिच्यापुढे लोण्याचा टिपूसही उरला नव्हता. तिनं आमची एक बशी बघितली, दोन काटे बघितले, ह्यांचं स्टूल बघितलं.

"तुमच्याकडे नवरा-बायको नेहमी असेच एका बशीत जेवतात का?" तिनं विचारलं.

हे त्या बुटक्या स्टुलावर ताठ झाले. कोटाची बटणं सारखी केली.

"नेहमी," हे म्हणाले. "आमच्या घरात हीच पद्धत आहे."

अशा काही ऐटीत सांगितलं, की घटकाभर मलाही ते खरं वाटलं. मी मान डोलावली, आणि रेघेपलीकडची, ह्यांच्या बाजूची एक करंजी उचलली.